बेटाच्या पोटात

बेट दरसाल खाली बसतं. तळचा बोरू कुजतो, वर म्हशींचं ओझं असतं, आणि माणसांचं ओझंही काही कमी नसतं. म्हणून पाणी उतरलेलं असतं तेव्हाच, थंडीचं पाणी चढायच्या आत, नवा बोरू कापून आणायचा, बेटावर अंथरायचा, त्यावर शेणचिखल, वर पुन्हा बोरू, आणि घरच्या बायकांनी तो पायांनी तुडवून बसवायचा. आमच्या होरात, म्हणजे दक्षिण इराकच्या या दलदलीत, हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याचा थर राहिला त्याच्या चुलीत पाणी शिरतं आणि त्याला बिऱ्हाड घेऊन काठावर जावं लागतं. काठावर म्हशीला डुंबायला पाणी नाही. मग म्हशी विकल्या जातात, आणि म्हैस गेली की माणसाला होरात परतायला काही कारणच उरत नाही.

त्या साली मुताशरच्या बेटाला थर द्यायला हात नव्हते. त्याचा उजवा हात उन्हाळ्यातच गेला होता. बोरू कापताना विळा सटकून मनगटात घुसला; जखम भरली, पण बोटं मिटेनात. मुलगा शाकिर बसऱ्याला तेलाच्या कामावर. तो फोनवर आईची चौकशी करी, म्हशींची करी, येण्याचं मात्र नाव काढत नसे. राहता राहिली बायको, तिस्वाहन. बापानं तिचं नाव ठेवलं होतं ते ‘सगळ्या बायकांच्या तोलाची’ म्हणून. आता तिला पुरुषांच्या तोलाचंही काम करायचं होतं, आणि गुडघे तर आधीच कुरकुरायला लागले होते.

अशा वेळी हाक द्यायची रीत आहे. घरच्या पुरुषानं बेटाच्या टोकाला उभं राहून हाक दिली, की वस्तीतल्या प्रत्येक बेटावरून एक माणूस विळा घेऊन येतो, दिवसभर राबतो आणि भात-मासळी खाऊन जातो. त्यात उपकार नसतात. आज तुझं, उद्या माझं. तिस्वाहननं सुचवून पाहिलं.

“हात गेला म्हणून हाक देऊ?” मुताशर म्हणाला. “म्हणजे मुताशर संपला, हे मीच ओरडून सांगायचं साऱ्या वस्तीला?”

“वस्तीला दिसतंय की. चहाचा पेला कुठल्या हातात धरता, ते काय लोक बघत नाहीत?”

झालं, त्या दिवशी तो चहाला शिवलाच नाही. गडी मुळात वाईट नव्हता, पण अंगात ताठा फार. आणि त्या ताठ्यालाही कारण होतं. सरकारनं बंधारे घालून होर कोरडा पाडला होता त्या काळात या माणसानं तरुणपणाची सगळी वर्षं रस्त्याकडेला, विटांच्या भट्ट्यांच्या धुरात काढली. त्याची आई तिथंच गेली. शेवटी शेवटी तिला पत्र्याच्या टाकीतलं पाणी घशाखाली उतरेना, होरातलं पाणी द्या म्हणायची, आणि होरात तेव्हा धूळ उडत होती. पुढं बंधारे फुटले, पाणी परत आलं, तेव्हा पहिल्या होड्यांत मुताशर होता. बापाचं बेट होतं ती जागा त्यानं काठीनं तळ चाचपून हुडकली आणि तिथंच नवं बेट उभं केलं. आता मेलो तरच काठाला लागेन, असं तो चारचौघांत म्हणायचा. तिस्वाहन ते ऐकून दरवेळी बेटाची कड बघून यायची, कारण बेट खरंच बसत चाललं होतं. मागल्या अंगाला म्हशी उभ्या राहिल्या की त्यांच्या खुरांभोवती पाणी यायला लागलं होतं.

त्यातच ती पीडा आली. नाईलचं फूल म्हणतात तिला आमच्याकडे. तुम्ही जलपर्णी म्हणा. कुणा हौशी माणसानं शहरात हौदात लावली, हौद साफ करताना नदीत फेकली, आणि नदीतून ती आमच्या कालव्यात उतरली. दिसायला देखणी, जांभळा तुरा, मधल्या पाकळीवर पिवळा डोळा. बघता बघता कालवा असा झाकला गेला की बदकाला बुडी मारायला फट राहिली नाही. होडी त्यात शिरली की चिखलात रुतल्यागत अडायची. खालचं पाणी काळं पडलं, मासे पोट वर करून तरंगायला लागले. आमचं तळं मात्र अजून स्वच्छ होतं. कालव्यातून तळ्यात यायला बोरूच्या रानातून एकच अरुंद वाट, तिला आम्ही गळा म्हणतो.

शेतकी खात्याचा एक इंजिनिअर झायर उबैदच्या मुधीफमध्ये येऊन बसला. झायर म्हणजे आमच्या वस्तीचा म्होरक्या, आणि मुधीफ म्हणजे त्याची बोरूचं पाहुणघर. इंजिनिअरनं एक रोप सगळ्यांपुढं धरलं. फुलावर जाऊ नका, तो म्हणाला, फूल यायच्या आधीच ओळखायला शिका. कमळाचा देठ तळातल्या चिखलात जातो, हिचं रोप कशालाच धरून नसतं; उचललं की काळ्या केसांसारखी मुळं हातात लोंबतात. देठ मधेच लिंबाएवढा फुगलेला, दाबला की फसफसतो. उपटा, कापू नका, कारण तुकड्याचंही रोप होतं. आणि उपटलेलं कोरड्या जमिनीवर पातळ पसरून वाळवा, जाळा. ओल मिळाली तर हे मरत नाही. बी तर चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

हे सगळं पुरुषांनी ऐकलं. मुधीफमध्ये बायका बसत नाहीत. पुरुष घरी आले आणि आपापल्या बायकांना म्हणाले, उद्यापासून ती घाण उपटायची आहे. मुताशरही तेवढंच म्हणाला. ओलीचं आणि कोरड्याचं त्याच्या ध्यानातही राहिलं नसेल; त्याचं सगळं ध्यान तिथं डाव्या हातानं पेला न सांडता धरण्यात गेलं होतं.

झायरनं गळ्यात बोरूच्या मोळ्यांचा आडवा बांध घालून घेतला, एक होडी जाईल एवढी फट ठेवली, आणि फटीशी चसबियाला बसवलं. चसबिया विधवा, मूलबाळ नाही, तिचं बेट गळ्याला लागूनच. आत येणारी प्रत्येक होडी तिनं तपासायची, तळाशी काही चिकटलं असलं तर झटकायचं, मगच आत सोडायचं. बाईला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी अधिकार दिला होता. ती खुद्द झायरची होडीदेखील थांबवायची. तिस्वाहन तिची जिवाभावाची. दोघी एकाच साली लग्न होऊन या वस्तीत आल्या, एकमेकींच्या खांद्यावर रडल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. चसबियाचं बाळ जगलं नाही तेव्हा तिस्वाहननं शाकिरला पाजायला तिच्याच मांडीवर दिलं होतं.

तर वस्ती कालव्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दाताळ्यानं ती जलपर्णी ओढायची, कवेत धरून होडीत टाकायची, होडी पार लांबच्या धक्क्यापर्यंत रेटत न्यायची, आणि चढ चढून कोरड्या बांधावर पसरायची. ओली जलपर्णी शिशासारखी जड. मुळांतून जळवा निघायच्या. तिस्वाहनचे हात कोपरापर्यंत खाजून लाल झाले. आणि प्रत्येक खेप टाकताना तिच्या मनात एकच यायचं, की बाई गं, एवढं ओझं मी फुकट जाळायला वाहते आहे, आणि माझं बेट तिकडं एका मोळीसाठी बुडतंय.

बोरू त्या साली लांब गेला होता. जवळचा सगळा म्हशींनी आणि खाऱ्या पाण्यानं खाल्लेला. ही घाण मात्र हाताशी होती, ढिगानं होती. पाण्यातून उपटलं, पायाखाली तुडवलं, की जे काही असेल ते मरतं आणि जमीन होतं. तिच्या सासूनं हेच केलं, आईनं हेच केलं, त्यांनी तर शेवाळ, पाणकणीस, काय हाताला येईल ते तुडवलं. हे का नाही मरणार?

एका दुपारी तिनं होडी धक्क्याकडं न नेता गळ्याकडं वळवली. जलपर्णीवर थोडा कापलेला बोरू पसरून टाकला. चसबियानं होडी थांबवली, बाहेरून चारी बाजूंनी हात फिरवला, एक पान चिकटलं होतं ते काढून टोपलीत टाकलं.

“थर द्यायला घेतलास वाटतं,” ती म्हणाली. “एकटीच?”

“एकटीच.”

“जा बाई. संध्याकाळी येते तुडवायला.”

“नको. तू गळा सोडू नकोस,” तिस्वाहन म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

मग तिनं खेपांवर खेपा आणल्या. मुताशर त्या दिवसांत हात दाखवायला दवाखान्यात गेला होता, तो नात्यातल्या एकाकडं राहिला. तो येईस्तोवर हिरवा थर पसरून, वर शेणचिखल ओतून, वर नावापुरता बोरू अंथरून बाईनं सगळं तुडवून बसवलं होतं. सकाळी पाय टाकताना गुडघ्यातून कळ यायची ती डोक्यात जायची. पण बेट उचललं गेलं. म्हशी कोरड्यात उभ्या राहिल्या.

मुताशर होडीतून उतरला आणि बराच वेळ नुसता फिरत राहिला. टाच आपटून बघितली. मग हसला. लग्नात हसला असेल तेवढंच.

“माझ्या बापानं दिला असता असा थर दिलास,” तो म्हणाला. “बोरू कुठनं आणलास गं एवढा?”

“मागल्या रानातनं.”

त्यानं पुढं विचारलं नाही. थंडीचं पाणी चढलं, आणि मुताशरचं बेट सगळ्यांत उंच राहिलं. लोक नाव काढायचे. तो चहाला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, बायकोनं केलं, एकटीनं. तिस्वाहन आत तंदूरपाशी बसून ऐकायची. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर ती सुखातही होती.

थंडीनं कालव्यातली उरलीसुरली जलपर्णी तपकिरी पडली. लोकांना वाटलं, सुटलो.

ऊन तापायला लागलं तसं एका सकाळी तिस्वाहन भांडी घासायला बेटाच्या कडेला बसली, आणि तिला पाण्यालगत, बोरूच्या दोन काड्यांतून वर आलेलं एक पान दिसलं. गोल, चकचकीत. तिनं ओढलं. देठ फुगलेला होता. खाली काळी मुळं लोंबत होती, आणि मुळांच्या मागं बेटाच्या पोटात शिरलेला एक पांढरा कोंब होता. तो ओढला तसा आणखी आला.

त्या दिवसापासून तिचा उजाडतानाचा एकच उद्योग झाला. मुताशर उठायच्या आत बेटाभोवती होडी फिरवायची, दिसेल ते उपटायचं, चाऱ्याखाली लपवायचं, म्हशींना घालायचं. गमरा नावाची त्यांची थोरली म्हैस ते खायची, पण दूध पाण्यासारखं पातळ पडलं, साय धरेना. मुताशर चाऱ्याला नावं ठेवायचा. उपटावं त्याच्या दुप्पट दुसऱ्या सकाळी दिसायचं. वारा सुटला की तुटलेली रोपं तिच्या डोळ्यांदेखत तळ्यात वाहत जायची, आणि ती किती रोपांच्या मागं होडी पळवणार?

तळ्यात जागोजाग हिरवे ठिपके दिसायला लागले. आणि वस्तीनं काय म्हणावं? चसबियानं गळा नीट राखला नाही.

तसं म्हणणं सोपं होतं. तळ्यात यायला वाट एकच, वाटेवर बाई एकच. कुणी म्हणालं, दुपारी झोपते. कुणी म्हणालं, ओळखीच्यांना तशीच सोडते. झायर उबैदनं तिला बोलावून घेतलं, मुधीफच्या बाहेर उन्हात उभं केलं, आणि उद्यापासून दुसरा माणूस बसेल म्हणून सांगितलं. तिच्याकडून तपासणीची काठी काढून घेतली. ती परतताना बायकांनी आपापल्या बेटावर तोंडं फिरवली. त्यानंतर तिच्या म्हशीची साय शहरात विकायला कुणी नेईना. तिच्या हातची घाण आपल्या भांड्यात नको, असं एकजण तिच्या तोंडावर बोलली.

तिस्वाहन तिच्याकडं गेली. चसबियानं चहा टाकला. पेला पुढं ठेवत म्हणाली, “मी एकही होडी सोडली नाही गं. अल्लाची शपथ. झोपले पण नाही.”

“मला माहीत आहे,” तिस्वाहन म्हणाली.

तेवढंच तिच्यानं बोलवलं. पुढचं बोललं की बेट गेलं. बेट गेलं की मुताशर काठावर, आणि काठावर मुताशर म्हणजे काय ते तिला दिसत होतं. तिनं पेला तसाच ठेवला आणि घरी येऊन गमराच्या मानेला मिठी मारून रडली. सांगावं कुणाला? जिला सगळं सांगायची सवय, तिचाच गळा कापला होता.

मुताशरला कळलं ते एका खुंट्यामुळं. मागल्या अंगाची दोरी सैल झाली होती. खुंटा नव्यानं ठोकायला त्यानं डाव्या हातानं बोरू बाजूला सारला, शेणचिखल खरवडला, आणि खाली सगळं हिरवं निघालं. कुजलेलं, काळं, आणि त्यात जिवंत. त्यानं मूठभर उपसून मांडीवर घेतलं. एकेक देठ दाबून पाहिला. तिस्वाहन मागं उभी होती. आता आकाश कोसळणार म्हणून तिनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

तो ते मूठभर हिरवं तसंच घेऊन होडीत उतरला आणि एका हातानं काठी मारत झायरकडं निघाला.

पुढचं तिला लोकांकडून कळलं. भर मुधीफमध्ये, सगळे बसलेले असताना, मुताशरनं ते मधे चटईवर टाकलं आणि म्हणाला, हे माझ्या बेटाच्या पोटातलं आहे. हात चालत नव्हता, हाक द्यायची लाज वाटली, म्हणून बायकोच्या थराखाली मी हे घातलं. चसबियाच्या पाठीमागनं, तिला फसवून आणलं. बाईचा दोष नाही. झायर उठला, होडीत बसून चसबियाच्या बेटावर गेला आणि सगळ्यांना दिसेल असा तिच्या दारात बसून चहा प्याला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, ओला ढीग आहे तोवर तळं साफ होणार नाही. सगळा उपसा, सुक्या जमिनीवर नेऊन जाळा. आणि ती जागा मोकळी ठेवा, तळात बी असेल, तिथं पुन्हा बेट बांधू नका. थंडीआधी आम्ही सगळे मिळून तुला दुसरीकडं बांधून देऊ, झायर म्हणाला. मुताशरनं मान हलवली, अशा बोलण्याला हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो बेटाच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं हाक दिली. प्रत्येक बेटावरून माणूस आला. बायकाही आल्या. आधी घराच्या बोरूच्या कमानी उतरवल्या, चटया गुंडाळल्या, मग थरांना हात घातला. दाताळ्यांनी उपसायचं, होड्या भरायच्या, तळ्याच्या काठाला सुक्या जमिनीवर न्यायचं. कुणी गाणं म्हटलं नाही. सगळ्या कामाला आमच्याकडे गाणं असतं, याला नव्हतं.

चसबिया तिस्वाहनच्या शेजारी येऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. दोघी शेजारी शेजारी उपसत राहिल्या. दुपारी हातातलं हिरवं होडीत टाकताना चसबिया हळूच म्हणाली, “मुताशर खोटं बोलला. त्या दिवसांत तो दवाखान्यात होता.”

तिस्वाहनचे हात थांबले.

“मी तुझ्या होडीतला बोरू उचलून बघायला हवा होता. झायरचीसुद्धा होडी मी उचकून बघायचे. तुझी म्हणून नाही बघितली.”

“बहिणी—”

“उपस,” चसबिया म्हणाली. “अजून खूप आहे.”

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती तिस्वाहनकडं चहाला आली नाही, आणि तिस्वाहनला जायचं धाडस झालं नाही.

दिवस कलता कलता बेटाच्या जागी गढूळ पाणी उरलं. सामान काठावर आलं होतं; चटया, तंदूर, अंथरुणं, सायीची भांडी. ढिगाला आग लावली तर ती नीट पेटेना, नुसता पिवळा धूर सुटला. तिस्वाहन मुताशरपाशी जाऊन बसली. तो पाण्याकडं पाठ करून बसला होता.

“मला शिव्या तरी द्या, अबू शाकिर,” ती त्याला मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाली. “मारा. काहीतरी करा.”

“कशापायी?” तो म्हणाला. “तू गुडघे मोडून बेट राखत होतीस. मी नाक राखत होतो.”

तेवढ्यात म्हशी आल्या. दिवसभर रानात चरून रोजच्यासारख्या रांगेनं पोहत, गमरा पुढं. त्या थेट आपल्या जागी गेल्या. तिथं चढायला काही नव्हतं. गमरानं पुढचे पाय टाकून पाहिले, पाय पाण्यातच गेले. ती वळली, पुन्हा तिथंच आली. बाकीच्या तिच्या मागं गोल फिरत राहिल्या, नाकं वर करून, फुरफुरत. मुताशर उठून पाण्याच्या कडेला गेला आणि त्यानं त्यांना बोलावलं. तोच आवाज, रोजचा. म्हशींनी कान टवकारले, पण त्याच्याकडं वळल्या नाहीत. काठावरून तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्यानं पुन्हा बोलावलं. घसा बसेपर्यंत बोलावलं. म्हशी दमायला लागल्या होत्या, रेडकू मागं पडत होतं. झायरचे लोक आग सोडून बघत उभे राहिले.

मग मुताशर होडीत बसला. तिस्वाहननं काठी घेतली आणि ती होडी रेटत त्या जागेवर घेऊन गेली. बेटाचं टोक जिथं होतं, अदमासानं तिथंच, तो होडीत उभा राहिला आणि त्यानं हाक घातली. म्हशी लगेच आल्या. गमरानं होडीच्या काठावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. तिला वाटलं, घर आलं. मुताशरनं तो मेलेला हात तिच्या कपाळावर ठेवला. तिस्वाहननं होडी हळूहळू काठाकडं वळवली, आणि म्हशी तिच्या मागोमाग निघाल्या.